तीनशे बारा फायली

"संस्थेचं नाव सगळीकडे बदला, पण 'अज्ञात' या शब्दाला हात लावू नका," साहेबांनी निघता निघता पुन्हा बजावलं.

त्यांच्या टेबलाचे खण रिकामे झाले होते. नोकरीचा आज शेवटचा दिवस. सोमवारी नवे साहेब येणार होते आणि त्याच दिवशी बायकांच्या गाण्यांचा हा सगळा संग्रह लोकांसाठी खुला होणार होता.

"पण सर, ती कुणीतरी रचलीच असतील ना?" तिने विचारलं.

"मी तरी वेगळं काय म्हणतोय?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "तुमच्या आई कशा आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, महिनाभर. दिसत नाही आता फारसं, पण कान शाबूत आहेत."

"त्यांना विचारून बघा काही आठवतंय का," एवढं बोलून ते उठले.

वर तोंड करून आईची चौकशी करतोय, तिच्या मनात आलं.

तीस वर्षांपूर्वी हेच साहेब खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून त्यांच्या घरी आले होते. आई धुणं धुता धुता गायची, धान्य निवडता निवडता गायची, आणि साहेब पायरीवर बसून टेप फिरवत राहायचे. तीनशे बारा गाणी झाली. पुढे प्रत्येक गाण्याची एक फाईल बनली आणि प्रत्येक फाईलीत, वर एकदा नि खाली एकदा, तेच लिहिलेलं: 'आवाज'च्या पुढे आईचं नाव. 'रचना'च्या पुढे, अज्ञात.

"माझ्या गाण्यांवर माझं नाव लागलेलं ऐकलं, की मी डोळे मिटायला मोकळी," आई हल्ली रोज म्हणायची.

साहेब गेले. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट मावशींनी बांगड्या मागे सारत सुस्कारा सोडला. ही सगळी गाणी त्यांनीच टाइप केली होती.

"मी तो शब्द इतक्यांदा टाइप केलाय गं, की माझं लग्न ठरलं असतं तर पत्रिकेत नवऱ्याच्या नावाच्या जागी तोच पडला असता."

"मावशी, आज तुम्ही लवकर घरी जा," ती हसून म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पर्स उचलली. "मी काही बघितलं नाही हं."

तिच्या हाताशी संगणकासाठी तयार लिहिलेली जावास्क्रिप्टची एक छोटीशी लायब्ररी होती. कुठल्या फायलींत शोधायचं, काय शोधायचं आणि त्याच्या जागी काय लिहायचं, एवढं सांगितलं की ती फाईलीमागून फाईल उघडत बदल करत सुटायची. कुणाला विचारायची नाही, जुन्याची प्रत मागे ठेवायची नाही. म्हणून आधी रंगीत तालीम. त्यात लायब्ररी फायलींना धक्का न लावता, काय काय बदलेल ते नुसतं मोजून दाखवायची.

संस्थेचं नाव आधी बदलून झालं. ते हुकुमाचं काम होतं.

मग तिने आपली ओळ लिहिली. शोध: रचना, अज्ञात. बदल: रचना, आणि पुढे आईचं नाव. तालमीचं उत्तर आलं: फायली तीनशे बारा, बदल तीनशे बारा. ती चमकली. दुप्पट हवे होते. 'सगळे' सांगणारी खूण लावायची राहिली होती. ती नसली की लायब्ररी एका फाईलीत पहिलाच शब्द सापडला की समाधान मानून पुढे जाते. तिने खूण लावली. सहाशे चोवीस.

खात्री करावी म्हणून तिने मधलीच एक फाईल उघडली.

*रिकामा पाळणा, त्याला हळूच देते झोका*
*वारा निजलाय आत, बायांनो, बोलू नका*

तिला भरून आलं. आईला चार लेकरं. हे गाणं तिने काकूसाठीच रचलं असणार. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. मूल होत नाही म्हणून घरच्यांनी तिला माहेरी धाडलं आणि ती पुन्हा परतलीच नाही. दुसरीचं दुःख असं स्वतःच्या गळ्यात उतरवून घेणारी बाई, आणि तिच्या पदरात काय, तर अज्ञात.

तिने तालीम संपवली आणि खरा हुकूम सोडला. चार सेकंद लागले.

नव्या साहेबांनी जुनी प्रत चढवली तर? तिने कपाटात जपून ठेवलेली त्या प्रतीची डिस्क काढली, जोडली आणि तिच्यावरही तीच ओळ चालवली.

घरी आई खिडकीशी बसली होती, उन्हाकडे तोंड करून. तिने आईच्या पायाशी बसून मोबाईलवर एकेक फाईल वाचायला घेतली. गाण्याची पहिली ओळ, आणि मग, "रचना," म्हणून आईचं नाव.

"पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"सगळ्यांवर लागलं?"

"सगळ्यांवर. अज्ञात आता औषधालासुद्धा सापडायचा नाही."

"त्या साहेबाकडे जुनं काही राहिलं असेल की."

"नाही गं आई. तेही मी बदललं."

आईने कितीतरी दिवसांनी पाठ टेकली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. लेकीला वाटलं, एवढ्यासाठी नोकरी गेली तरी बेहत्तर.

"फार चिवट माणूस तो," आई म्हणाली. "दर वर्षी यायचा, चहा प्यायचा, तेच विचारायचा. जाताना म्हणायचा, तुम्ही सांगेपर्यंत ती जागा मी मोकळी ठेवतो."

"कसली जागा?"

आईने चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"म्हणजे आता तुझ्या काकूचं नाव लिहायला कुठे जागाच उरली नाही ना?"