बिनव्याजी गिऱ्हाईक

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की शिंपीणबाईंचे नवरोजी फक्त किमान रक्कम भरायचे आणि ढाराढूर झोपायचे. तीन वर्षं भरूनही कर्ज होतं तिथंच राहिलं, कारण भरलेलं सगळं व्याजच गिळत होतं. शेवटी शिंपीणबाईंनी कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतलं, लोकांच्या पँटी आखूड-लांब करून चौदा महिन्यांत थकबाकी फेडली आणि तेव्हापासून दर महिन्याचं बिल मुदतीच्या चार दिवस आधीच पैसा न् पैसा चुकतं करू लागल्या. नवऱ्याचं पालुपद मात्र सुटलं नाही, "एवढी घाई कशाला? व्यवहार तुझ्या डोक्यावरून जातो."

आज बँकेतून एका बाईचा फोन आला. यापुढे किमान रक्कमच भरा, बाकीची सावकाश द्या, असा तिचा आग्रह. शिंपीणबाईंनी मशीन न थांबवता तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मात्र पलीकडच्या बाईचा तोल सुटला.

"अहो ताई, दोन वर्षांत तुमच्याकडून व्याजाचा एक रुपया मिळालेला नाही! सगळेच तुमच्यासारखे वागले, तर बँकेनं कमवायचं काय?"

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. फोन स्पीकरवर टाकला आणि नेऊन थेट नवऱ्याच्या उघड्या पेपरावर ठेवला.



"मॅडम, हेच जरा मोठ्यानं पुन्हा सांगा. आमच्या घरात व्यवहार कळणारं एकच माणूस आहे, त्यांनाही ऐकू दे."