पाण्यावरची गाडी

"सांगून कुणाला खरं वाटणार न्हाय," म्हणत महादेवप्पांनी टँकरच्या रांगेत घसा खाकरला. आपली पाळी येईपर्यंत पाणी उरतंय की नाही, या घोरानं त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. "कालेजात जर्मन आन जपानी शास्त्रज्ञ आलेत. आपल्या पोरांसंगं मिळून त्यांनी पाण्यात वीज सोडली, हायड्रोजन काढला आन गाडीत भरला. मशीन जर्मनीचं, गाडी जपानची."

"आन पाणी, अप्पा?" रांगेतनं कुणीतरी विचारलं.

"पाणी आपलंच की! म्हणून तर नळाला येत न्हाय."

सगळी रांग खदखदली.

"खरी गंमत पुढंच हाय. गाडी चालली की मागच्या नळीतनं परत पाणीच गळतं! जर्मन साहेब गाडी हाणतोय आन मागं बाया घागरी घेऊन पळतायत, पार बार्शीपतूर! ह्या डोळ्यांनी बगितलंय."

बाया पोट धरून हसल्या. रांगेतली रंभाबाई तेवढी खाली मांडलेल्या घागरींकडं बघत होती.

"गाडीला पुढं जायला पाणी लागतं, मानलं अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "पण मगाशी माझ्या मागं असलेली तुमची रिकामी घागर पुढं कशी गेली?"