दोन मशीन, एक नमुना

डावीकडचं मशीन उजवीकडच्यापेक्षा तिप्पट महाग होतं आणि मॅनेजरसाहेबांना त्या दोन्हींबद्दल तेवढीच एक गोष्ट पाठ होती.

"ताई, संध्याकाळपर्यंत सांगा," ते दारातूनच म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते घेऊ. पण फरक दिसला तरच तिप्पट. नाहीतर स्वस्तातलं."

"फरक दिसेल," ती म्हणाली.

हॉस्पिटलच्या स्कॅन विभागात ती इतकी वर्षं होती, की तिला नावानं हाक मारायचं सगळे विसरूनच गेले होते. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ताई. स्कॅन काढणारं यंत्र ठणठणीत होतं. रडत होतं ते त्याला जोडलेलं कॉम्प्युटरचं मशीन, वर्कस्टेशन. स्कॅनचे पातळ पातळ काप जुळवून चित्र उभं करायचं काम त्याचं, आणि त्या चित्रावर माणसाचं पुढचं सगळं ठरायचं.

गेल्या वर्षी एका शाळेतल्या बाईंच्या डोक्यातला बारीक ठिपका त्याला दिसला नव्हता. वेळेवर दिसता तर काढता आला असता. नंतर बाईंची मुलगी याच दारात उभी राहिली आणि "तेव्हाच का नाही दिसलं?" एवढंच विचारत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. ताईच्या मनातून ती मुलगी काही जाईना. तेव्हापासून तिनं चांगल्या मशीनसाठी साहेबांच्या मागे अशी भुणभुण लावली, की शेवटी कंटाळून त्यांनी दोन कंपन्यांची मशीनं चाचणीला मागवली.

आज ती आधीच वैतागलेली होती. सकाळी नवऱ्याच्या हातून आठवड्यातला दुसरा कप फुटला होता, त्यावरून दोघांची जुंपली होती आणि ती चहा न घेताच निघाली होती.

दोन्ही मशीनना काम एकच द्यायचं, हा चाचणीचा नियम. पेशंटचं स्कॅन असल्या कामाला वापरायची बंदी. म्हणून तिनं नमुना काढला. यंत्राची दुरुस्ती झाली की चित्र नीट येतं का हे बघायला कुणातरी धडधाकट माणसाला आत झोपवायची इथली पद्धत होती. त्या वेळी जो मोकळा सापडेल तो. नाव लिहायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं नाही. आजारच नाही तर दाखवायचं काय? मागच्या दुरुस्तीचा नमुना तसाच पडून होता.

डावीकडच्या मशीननं तो बघता बघता जुळवला. उजवीकडचं दळण दळत बसलं. पण वेगाचं साहेबांना काय कौतुक? "थांबा की थोडं," म्हणतील. ती एकेक काप दोन्हीकडे ताडून बघू लागली.

डावीकडच्या मशीनवर खोल आत, मानेच्या जरा वर, तिळाएवढा ठिपका होता. उजवीकडच्यावर त्याच जागी नुसता राखाडी रंग.

तिला पहिल्यांदा आनंदच झाला. वर्षभर हवा होता तो पुरावा समोर होता. साहेबांना खुर्चीवर बसवायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, की झालं. मग तिचा हात माऊसवरच थांबला. तिनं नमुन्यावरची तारीख बघितली, पुन्हा एकदा बघितली.

मोठे डॉक्टर बाहेरून जात होते. तिनं त्यांना आत बोलावलं.

"कंपनीनं मशीनबरोबर दिलेलं चित्र आहे," ती म्हणाली. "हे काय असेल?"

डॉक्टर वाकले. काप मागेपुढे करून बघितले.

"मशीन झकास आहे. पण ज्याचं हे डोकं आहे, त्याचं काही खरं नाही. इथं कुणाचा हात पोचत नाही, औषधही नाही."

"लवकर कळलं तर?"

"काही उपयोग नाही. लवकर कळलं तर तो लवकर मरायला लागेल, एवढंच." ते दाराकडे वळले. "हेच घ्या, ताई. साहेबांशी मी बोलू का?"

"नको. मी बोलते."

ते गेल्यावर तिनं डावीकडच्या मशीनवरचा नमुना पुसला. मग उजवीकडचा. मग मूळचा. पण हे मशीन इथं आलं, तर तो ठिपका आज ना उद्या कुणालातरी पुन्हा दिसणार होता.

संध्याकाळी साहेब भांडायच्या तयारीनंच आले. "बोला. काय दिसलं?"

"फरक नाही."

साहेबांना आपण नीट ऐकलं का तेच कळेना. "वर्षभर तुम्ही माझा जीव खाल्लात, आणि फरक नाही?"

"दोन्हीवर सारखंच दिसतं. स्वस्तातलं घ्या."

"बघा, मी म्हणत नव्हतो?" साहेब खुशीत म्हणाले आणि फोन करायला निघून गेले. ताईनं दाराकडे बघायचं टाळलं. तिथं ती मुलगी उभी असल्यासारखं तिला वाटत होतं, आणि आता तिच्यासारख्या आणखी कितीतरी येणार होत्या.

फाटकाबाहेर नवरा स्कूटर घेऊन थांबला होता. तिला बघून त्यानं किल्ली काढली, ती हातातून निसटून खाली पडली. ताईनं वाकून ती उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवून वरून त्याची बोटं मिटवली.

"आज ओरडणार नाहीस?" त्यानं विचारलं. "मिळालं वाटतं महागाचं मशीन."

"नाही. स्वस्तातलं घेतोय."

"मग आमचे कष्ट फुकटच गेले की," तो हसत म्हणाला. "त्या दिवशी तुला न्यायला आलो, तर धरून तुमच्या त्या नळकांड्यात झोपवलंत. निदान डोक्यात काही सापडलं का माझ्या?"

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामं आहे."