शालूचा प्रॉम्प्टर

अबे, फक्त ऐक. मधात तोंड घालू नको, नाही तं मी अर्धं विसरून जाईन.

आमच्या शाळेतला चौथीचा वर्ग. खुर्चीवर तालुक्याचे शिक्षणवाले साहेब. समोर शालू, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासून राहिली. बाजूले तिची रिता मॅडम, नवीनच लागलेली. मी, शाळेचा शिपाई, दारात.

हे शालू शाळेत आली का तोंडाले कुलूप. पहिलीपासून एक शब्द नाही. तिची माय कुंताबाई म्हणते, "घरी तं कोंबड्यायले शिव्या देते माही पोरगी!" पण शाळेत मुकी. साहेब त्याचाच निकाल लावाले आलते. बोलली तं इथंच राहीन, नाही बोलली तं भंडाऱ्याले, मुक्या पोरायच्या शाळेत, वसतिगृहात.

आन् कपाटाआड भैय्यालालभाऊ.

अबे थांब, सांगतो ना! यंदा सरकारातून शाळेत खरे कलावंत पाठवून राहिले, पोरायले नाटक शिकवाले. पोरायले वाटलं हिरो येईन, तलवार आणन. आला कोण? प्रॉम्प्टर! मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात पडद्याआड बसून नटायले वाक्य पुरवणारा. आपल्याकडचे नट पाठ थोडीच करते, तो मांगून सांगते आन् हे समोर गाजवते. तं भैय्यालालभाऊ पोरायसमोर उभाच राहे ना. म्हणे, "मॅडम, लोकायनं माह्याकडं पाहिलं का माही जीभ टाळूले चिकटते. मी आपला कपाटाआड बसतो." बसला. तिथूनच नाटक शिकवून राहिला, घे! आन् त्यानं सांगितलं का शालू बोले. खणखणीत. राणीचं काम करे. रिता मॅडमच्या हातातून खडूच पडला पहिल्या दिवशी.

तं साहेबानं विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?"

शालू गप.

कपाटाआडून हळूच आलं, "माझं नाव शालू."

"माझं नाव शालू!" एवढ्या जोरात, का साहेबाची खुर्ची मांगं सरकली.

"बरं... कितवीत आहेस?"

कपाटाआडून काहीतरी कुजबुज. शालूनं हात पुढं केला, मान वर केली आन् म्हणे, "महाराज, मी चौथीत आहे!"

पोरं फिदीफिदी हसले. साहेब उठले. "कपाटामागे कोण आहे? ही तर सरळसरळ कॉपी आहे!"

"कॉपी नाही साहेब," कपाटाआडूनच आवाज. "आमच्यात सगळेच असे बोलते."

"सर, मुकी असती तर एवढं ओरडली असती का?" रिता मॅडम म्हणे. "आवाज तर तिचाच आहे ना."

"आवाज तिचा, मॅडम. शब्द कोणाचे?" साहेब काही वाईट माणूस नाही बरं का, त्यायलेच समजून नाही राहिलं. "उद्या हा माणूस गेला, मग ही कोणाच्या शब्दांनी बोलणार?"

मले वाटलं, हे बी खरं आन् ते बी खरं.

मंग साहेबाच्या डोक्यात एकदम काही आलं. "हे 'महाराज' कोण म्हणालं? यांनी सांगितलं का तिनं स्वतःहून लावलं? तिनं लावलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. मुलगी इथंच राहील."

भैय्यालालभाऊले बोलावलं. तो कपाटाआडून निघाला. सगळा वर्ग त्याच्याकडं पाहून राहिला, साहेब बी. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. घामाघूम! शालूशिवाय एकट्या त्यालेच माहीत, आन् त्याचीच जीभ चिकटली.

"बोला ना हो!" साहेब म्हणे.

त्यानं नुसती मान खाली घातली. साहेबाले वाटलं खोटं पकडल्या गेलं. "तुम्ही बाहेर बसा."

गेला बिचारा मैदानात. साहेब शालूपुढं वाकले, एकदम मायेनं. "तूच सांग बेटा. महाराज कोण म्हणालं? तू, का ते?"

शालूनं ओठ हलवले. आवाज नाही. तिनं कपाटाकडं पाहिलं. तिथं कोणी नाही. साहेब वाट पाहून राहिले. बाजूच्या वर्गातले पाढे ऐकू येऊन राहिले.

तेवढ्यात रिता मॅडम उठली. सगळ्यायच्या देखत, साहेबाच्या बी देखत, चालत गेली आन् कपाटाआड जाऊन बसली. साडीचा पदर तेवढा बाहेर दिसे. साहेबाले समजे ना, रागवावं का थांबावं.

शालूनं पाठ ताठ केली. मान वर. तयार.

आन् कपाटाआडून काहीच नाही! मॅडमनं 'मी' म्हटलं का झालं, पोरगी 'मी' म्हणन, गावातच राहीन. पण मॅडमले कुठं माहीत होतं महाराज कोणाचं? ते कुजबुज तिनं ऐकलीच नव्हती. मी बी नाही. आन् पोरगी हात पुढं करून उभी, शब्दाची वाट पाहत.

तू सांग बे. कपाटाआड तू असता, तं काय केलं असतं?