भिंतीकडे तोंड केलेले डबे

ताईने आपल्याकडच्या चावीने धाकट्या भावाच्या घराचं दार उघडलं आणि आधी स्वयंपाकघर गाठलं. तिला भीती होती तेच. साखर, चहा, तांदूळ, फळीवरचे सगळे डबे भिंतीकडे तोंड करून उभे होते. नावाची एकही चिठ्ठी दिसत नव्हती.

गेल्या आठवड्यातही हेच. तेव्हा तिने मुकाट्याने डबे सरळ केले होते. आज मात्र तिची खात्री पटली. छोटूचा मनाचा आजार पुन्हा डोकं वर काढत होता, आणि संस्थेची ती मदतनीस बाई रोज येऊन काय दिवे लावत होती कोण जाणे! ताईने चहाचा डबा हलवून पाहिला. निम्मा. एकटा माणूस एवढा चहा पितो? बाईंच्या पिशवीतून काय काय जात असेल, देव जाणे.

तिने डबे फटाफट सरळ केले. पलंगाखालची बॅग ओढली आणि त्यात शर्ट कोंबायला लागली. चाळिशी ओलांडली तरी तिच्यासाठी तो छोटूच होता. एकटं राहायची हौस पुरे झाली, त्याला आजच घरी न्यायचं.

तेवढ्यात कुलूप वाजलं. छोटू आत आला, मागून बाई. त्याने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक फळीपाशी गेला आणि तिथेच थिजला.

"बाई... परत सरळ झालेत."

बाईंनी डबे पाहिले, मग ताईच्या हातातली चावी.

"ताई, हे तुम्ही फिरवलेत?"

"मग! वेड्यासारखे उलटे ठेवलेले. तुमचं लक्ष असतं कुठे?"

"आम्हीच ठेवलेत, मुद्दाम. तुमचे भाऊ महिनाभर सांगतायत, घरातल्या वस्तू जागा बदलतात. टॉवेल, चपला, काहीही. म्हटलं, खूण करून बघू. गेल्या आठवड्यात डबे सरळ झालेले दिसले, तर ढसाढसा रडले. आत्ता कागद घ्यायला आलोय, इथून डॉक्टरांकडेच निघालोय, गोळ्या वाढवायला."

ताईचा चेहरा उतरला. "मी आपली आवरायला येत होते रे. तू लॉन्ड्रीत कामाला गेलास की."

"सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

छोटू मटकन खाली बसला. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," तो बाईंना म्हणाला. एकदा म्हणून त्याचं समाधान होईना. बाई प्रत्येक वेळी हो म्हणत राहिल्या. ताईला रडू फुटलं, पण तिच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.

मग त्याला बॅग दिसली. त्याने शर्ट बाहेर काढले, लॉन्ड्रीत घालतात तशा चोख घड्या घालून कपाटात ठेवले आणि ताईपुढे हात पसरला. तिने चावी दिली.

"आता बाहेर जा. बेल वाजव."

थट्टा करतोय म्हणून ती हसली. तो हसला नाही. ती बाहेर गेली, दार बंद झालं. तिने बेल वाजवली.

"कोण आहे?"

"मी रे, ताई." तिने दाराजवळ सरकून विचारलं, "आत येऊ?"

"थांब जरा, डबे होते तसे ठेवतो," तो म्हणाला.

आतून फळीवरचे डबे एकेक करून फिरवल्याचा आवाज येत राहिला.