चौथा माईक

नारीन गावात लग्नाचे व्हिडिओ जुळवावेत ते बेगायिमनेच. चित्रीकरणाआधी ती सगळ्यांसमोर एक खणखणीत टाळी वाजवायची आणि नंतर चारही माईकचे ट्रॅक त्या टाळीवर आणून बसवायची.

उलुकमानच्या लग्नाचे तीन ट्रॅक मुकाट जुळले. चौथा, त्याच्या आजोबांच्या कोटाला लावलेला, ओठ हलायच्या आधीच आशीर्वाद देऊ लागला.

"म्हाताऱ्याला भारी घाई," शेजारी बसलेला उलुकमान हसला. "ओढा त्याला मागे, ताई."

तिने हेडफोन चढवून टाळीवर टाळी बसवली, तर आवाज आणखीच पुढे पळाला. पुन्हा बसवली. आता पडद्यावर नवरदेव बेशबार्मकवर ताव मारत होता, आणि तिच्या हेडफोनमध्ये बायका मयताचा विलाप गात होत्या. उलुकमान, आमच्या ससाण्या, कुठे उडालास रे.

"काय ऐकताय? तोंड केवढंसं झालंय."

"काही नाही रे. खरखर आहे थोडी."

कालच लग्न झालेलं पोर. तिने ओठ आवळले आणि ट्रॅक सगळा जोर लावून मागे ओढला.

विलाप थांबला. बायकांनी दम घेतला, आणि पुन्हा सुरुवात केली, बेगायिमचं नाव घेऊन.