पलीकडचा काठ

जाळीपलीकडं म्हातारी टेकली अन् नेहमीसारखी म्हणाली, "हं, सांग."

तिच्या लेकाचा, हैबतीचा, म्हणजे स्वतःच्याच जिवलग दोस्ताचा, भांडणात खून केला म्हणून गुणाजी जन्मठेप भोगत होता. त्याला फाशीच द्या म्हणून हीच आई हायकोर्टापर्यंत गेली होती. ते जमलं नाही. मग दर पितृपक्षात ती तुरुंगात येऊ लागली, लेकाची एक आठवण ऐकून जाऊ लागली. खऱ्या आठवणी केव्हाच संपल्या. आता गुणाजी थापा मारायचा.

"मावशी, ऐन पुरात कृष्णेत मगर आडवी आली, तर हैबतीनं तिच्यावरच मांड ठोकली. तिचे कान पिरगाळत निघाला पठ्ठ्या पलीकडं."

म्हातारी खुदकन हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "त्याला पोहता येत नव्हतं रे."

गुणाजीची मान खाली गेली.

"गावात त्याची आठवण काढणारं आता कुणी नाही," ती म्हणाली. "तुला लटकवलं असतं, तर तो पुरताच मेला असता."

"वेळ झाली, आजी," शिपाई म्हणाला.

तिनं जाळी घट्ट धरली. "गुणाजी, पोचला का तो पलीकडं, तेवढं सांग."